पाच वर्षांत तीन सॅक गेल्या. आता एकच, पण टिकणारी हवी (सोलापूर–पुणे, दर आठवडा)

सोमवारची_हुतात्मा
१६ जून, रात्री ११:२०

मागच्या सोमवारी पहाटे स्टेशनच्या पुलावर, अगदी मधोमध, माझ्या सॅकचा उजवा पट्टा मुळासकट उसवून हातात आला. आत लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली, ऑफिसातल्या मंडळींनी मागवलेली शेंगाचटणीची चार पाकिटं आणि सगळ्यात वर कडक भाकरींचा गठ्ठा. लॅपटॉप वाचला. भाकरी पुण्यात पोचल्या तेव्हा चुरा करायचे कष्ट उरले नव्हते. पुण्याच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये चार तास सॅक मांडीवर घेऊन बसलो, तान्हं बाळ घेऊन बसावं तसा.

पाच वर्षांतली ही तिसरी. पहिली ११०० ची, दुसरी १४५० ची, ही १९०० ची. गंमत म्हणजे तिन्हींचं कापड शेवटपर्यंत ठणठणीत होतं. पहिलीची चेन गेली, दुसरीचा पट्टा गेला, तिसरीचाही पट्टा गेला आणि तोही त्याच जागी (फोटो जोडलाय). म्हणजे पैसे वाढवत गेलो आणि फाटायची जागा तीच राहिली.

त्यानंतर आठवडाभर रात्री जागून वाचत बसलोय. 'बाय इट फॉर लाइफ' म्हणून परदेशी लोकांचा एक मोठा कट्टा आहे, तिथे माणसं सॅकबद्दल आपण आंब्याबद्दल बोलतो तसं बोलतात. गोरक, टॉम बिन, ऑस्प्रे, मिस्टरी रँच ही सॅक कंपन्यांची नावं आता घरात मुलीलाही पाठ झालीत. १००० डी (म्हणजे डेनियर, धाग्याच्या जाडीचं माप) कॉर्डुरा कापड पाहिजे, वायकेकेची चेन पाहिजे, आजन्म हमी पाहिजे. गोरकची ती प्रसिद्ध जीआर-१ तीनशे डॉलरच्या वर जाते. बायकोला आकडा रुपयांत सांगितला, ती म्हणाली, "एवढ्यात दोन कूलर येतात." सोलापुरात ह्यावर उत्तर नसतं.

तर, ६००० च्या आत, २५ लिटरच्या आसपास, १५ इंची लॅपटॉप आणि उभा डबा मावणारी, दहा वर्षं टिकेल अशी सॅक कुणी वापरतंय का? आठ दिवस वापरून चांगली वाटलेली सांगू नका. तसली परीक्षणं ढिगानं वाचलीत आणि खाली लिंक असतेच, त्यावरून घेतलं की लिहिणाऱ्याला कमिशन.

उंटावरून_शेळ्या
१६ जून, रात्री ११:४१

गोणी घे बे. मार्केट यार्डात मिळते, ५० किलोची हमी.

ताणाबाणा
१७ जून, सकाळी ७:०५

धागाकर्ते, सोलापूरचे असून डेनियरच्या आकड्याला भुललात हे वाचून वाईट वाटलं. आमच्या घरी पूर्व भागात तीस वर्षं चादरीचे माग चालले, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडे सुताचा नंबर चढला की सूत बारीक. चाळीस नंबर वीसपेक्षा बारीक, हे मंगळवार पेठेतलं पोरगंही सांगेल. कारण तो नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात ते. डेनियरचं उलट आहे. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. म्हणून तिथे आकडा चढला की धागा जाड. ५३१५ ला डेनियरनं भागलं की आपला नंबर निघतो. ५०० डी म्हणजे साधारण साडेदहा नंबर, आपल्या दोन-वीसच्या (विसाचे दोन पदर पिळलेल्या) सुताच्या जवळपास. १००० डी म्हणजे सव्वापाच नंबर. लॅपटॉप आणि डबा न्यायला सव्वापाच नंबर कशाला? ते कापड दगडावर घासण्यासाठी आहे. उगाच जास्तीचं वजन वाहाल.

दुसरं म्हणजे हा आकडा फक्त जाडी सांगतो. ६०० डी पॉलिएस्टर आणि ५०० डी नायलॉन शेजारी ठेवले तर आकड्यात पहिलं पुढे, पण घासण्यात आणि फाटण्यात दुसरं पुढे. कॉर्डुरा हा तर शिक्का आहे, ड्युपाँनं सुरू केलेला, आता इन्व्हिस्टा कंपनीकडे. त्यातलं जे नायलॉन सॅकला वापरतात त्याचे तंतू हवेच्या झोतानं विस्कटून खडबडीत केलेले असतात, म्हणून त्याचा हात थोडा सुती कापडासारखा लागतो. गुळगुळीत, चकचकीत कापडावर 'कॉर्डुरा टाइप' लिहिलेलं दिसलं की पुढे चला. '१६८० डी बॅलिस्टिक' म्हणून विकतात त्यातही बरंचसं साधं पॉलिएस्टर असतं. मूळचं बॅलिस्टिक हे नायलॉन, दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या सैनिकांच्या जाकिटांसाठी केलेलं, दोन ताणे-दोन बाणे असं टोपलीसारखं विणलेलं.

नायलॉनला एक दुखणं आहे, ऊन. उन्हात ते पॉलिएस्टरपेक्षा लवकर कमकुवत होतं. तेव्हा सॅक धुतली की सावलीत वाळवा. आपल्या गच्चीवर मे महिन्यात पापड वाळतात, सॅक नाही.

डोंगरदरी
१७ जून, सकाळी ९:३०

ताणाबाणा काकांना +१. मी २०१४ पासून एकच सॅक वापरतोय (ट्रेकची, ५० लिटर), कापडाचं काही झालेलं नाही. आतला पॉलियुरेथेनचा लेप मात्र दोन वर्षांपूर्वी मेला. चिकट झाला, पापुद्रे सुटायला लागले आणि आंबट वास. हा लेप ओल आणि उष्णतेनं विघटित होतो. पावसाळ्यात भिजलेली सॅक तशीच कपाटात कोंबली होती, चूक माझी. वॉशिंग मशीनमध्ये तर कधीच घालू नका.

'वॉटरप्रूफ' ह्या शब्दावर पैसे घालवू नका. कापड पाणी अडवतं, शिवण आणि चेन अडवत नाही. आत एक जाड प्लास्टिकची पिशवी ठेवा, झालं.

पुण्याला असताच, तर डिकॅथलॉनमध्ये जाऊन डबा-बाटलीसकट भरून, पाठीवर घेऊन बघा. त्यांच्या केचुआच्या सॅकला १० वर्षांची हमी असते आणि पावती मोबाइल नंबरवर निघते, म्हणजे ती हरवायची भीती नाही. दिसायला साध्या असतात. ऑफिसात कुणी काही म्हणत असेल तर ऑफिस बदला.

बोस्टनची_थंडी
१७ जून, रात्री ९:५५

मूळची सोलापूरच्या बाळीवेसची, आता इकडे अमेरिकेत. आजन्म हमीबद्दल लिहिते, कारण त्यावरून तिकडे फार स्वप्नं पाहिली जातात.

इथे एल. एल. बीन म्हणून जुनी कंपनी आहे. कितीही वर्षांनी वस्तू परत करा, असा तिचा लौकिक होता. लोक जुन्या बाजारातून त्यांच्या फाटक्या वस्तू उचलून परत करायला लागले. २०१८ मध्ये त्यांनी ते बंद करून एक वर्षाची मुदत घातली. म्हणजे आजन्म म्हणजे कुणाचा जन्म, हे कंपनी ठरवते. ऑस्प्रेची हमी खरोखर चांगली आहे, कितीही जुनी सॅक असली तरी दुरुस्त करून देतात, माझी एक दिलीय. पण मी इथून पाठवली. तुम्ही सोलापुरातून कुरिअरनं अमेरिकेला सॅक पाठवणार, ती परत येताना कस्टमवाले विचारणार, तोवर तुम्ही ऑफिसला काय थैली नेणार?

जीआर-१ माझ्या नवऱ्याकडे आहे. उत्तम शिलाई, वाद नाही. रिकामीच दीड किलोच्या आसपास भरते. तो अभिमानानं वाहतो आणि रात्री पाठीला बाम मागतो.

उंटावरून_शेळ्या
१७ जून, रात्री १०:१०

आजन्म हमी म्हणजे आपल्या महापालिकेचं 'रोज पाणी देऊ' का?

चौथी_ब
१८ जून, दुपारी २:१५

अवांतर आहे, पण विचारते. मुलीचं दप्तर दर जूनला नवीन घ्यावं लागतं. शाळेचं वर्ष संपायच्या आत तळ फाटतो. काय बघून घ्यावं?

डोंगरदरी
१८ जून, दुपारी ३:००

ताई, आधी वजन करा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत दप्तर असं म्हटलंय. पंचवीस किलोच्या मुलीला अडीच किलो. तळ फाटतो तो बहुतेक पाण्याची बाटली आणि फरपटत नेण्यामुळे. तळाला दुहेरी कापड असलेलं बघा, चित्रं-बित्रं दुय्यम.

चौथी_ब
१८ जून, दुपारी ३:२०

चित्र दुय्यम हे तिला तुम्ही सांगा.

टीप_मारणारा
१८ जून, रात्री ११:३०

आमचं युनिफॉर्म शिवायचं युनिट आहे, शाळांची ऑर्डर नुकती संपली म्हणून आज वाचायला वेळ मिळाला. धागाकर्त्याचा पट्टा का तुटला ते सांगतो. फोटोत स्पष्ट दिसतंय.

स्वस्त सॅकमध्ये पट्टा, त्यातला फोम, पाठीचं कापड आणि वरची कड हे सगळं एकाच शिवणीत अर्धा इंच दाबून एक-दोन टिपा मारून पळवतात. सगळं वजन त्या अर्ध्या इंचावर. कापड फाटत नाहीच. कडेचे धागे विरून शिवणीतून हळूहळू निसटतात आणि एक दिवस पुलावर सगळं बाहेर. त्यात कंपनी टाके बारीक घालते, इंचाला बारा-चौदा, दिसायला सुबक. जाड कापडावर तसे टाके म्हणजे भोकांची रांग. पोस्टाचं तिकीट कसं फाटतं? तसं. जाड कापडाला इंचाला सहा ते आठ टाके, पण दोरा जाड नायलॉनचा.

दुकानात गेल्यावर बाहेरून बघूच नका. सॅक उलटी करा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. आतल्या शिवणीच्या कडा पट्टीनं बांधलेल्या आहेत का? बोट फिरवून सुटे धागे हाताला लागतात का? पट्टा ज्या जागी पाठीला येतो तिथे आडवी नवार टाकून तिच्यावर चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिवण आहे का? आणि जिथे जिथे ओढ बसते तिथे बारटॅक आहे का? बारटॅक म्हणजे एकाच जागी पुढेमागे घातलेले दाट टाके, आपल्या पँटच्या बेल्टच्या लूपला असतात ते. एखादं शाळेचं पोरगं बेल्टला धरून ओढलं तरी लूप निघत नाही, त्याच्यामुळे.

चेनचं. वायकेके ही १९३४ सालची जपानी कंपनी, नाव खरंच चांगलं आहे, पण नुसती नावाची चेन बाजारात ढीगभर मिळते. नंबर बघा. चेनचा नंबर म्हणजे मिटलेल्या दात्यांची रुंदी, साधारण मिलिमीटरमध्ये. मुख्य कप्प्याला ८ किंवा १०, बाहेरच्या खिशाला ५ चालते. मुख्य कप्प्याला ५ असेल तर ठेवून द्या. आणि चेन गेली म्हणजे सॅक गेली असं नसतं. शंभरात ऐंशी वेळा रनर ढिला झालेला असतो. पकडीनं दोन्ही बाजूंनी हलकं दाबलं की सहा महिने चालतो, नंतर नवा रनर वीस-तीस रुपयांत. आपल्याकडची धूळ रनर खाते. महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशनं दाते झाडा, वर मेणबत्ती फिरवा.

सोमवारची_हुतात्मा
१९ जून, सकाळी ६:५०

हे सोनं आहे. (पहिल्या सॅकची चेन 'गेली' म्हणून मी ती भंगारात दिली होती. आता झोप नाही.)

टीप_मारणारा, तुम्हीच एक शिवून द्याल का? पैसे सांगाल ते.

टीप_मारणारा
१९ जून, रात्री ११:०५

देत नाही, राग मानू नका. शर्टाच्या मशीनखाली चार पदर नवार आणि फोम जात नाही, त्याला जड कापडाचं मशीन लागतं. बकलं, चेन, नवार सगळं घाऊक घ्यावं लागतं. एका नगाला मी तुम्हाला गोरकच्या भावात पडेन आणि पट्टा तरीही वाकडा बसेल. आधी जुनी सॅक मोच्याकडे न्या.

सोमवारची_हुतात्मा
२९ जून, दुपारी १२:४०

नेली. नवी पेठेत एक मामा बसतात, चपला आणि बॅगा दोन्ही करतात. त्यांनी सॅक उलटी केली, उसवलेली जागा अंगठ्यानं दाबली आणि म्हणाले, "कापड चांगलंय, शिवलंय पळत पळत." टीप_मारणारा, तुमचं वाक्य त्यांनी न वाचता म्हटलं. त्यांनी कड आत मुडपली, चामड्याचा एक चौकोनी तुकडा आतून आणि एक बाहेरून ठेवला आणि आरीनं हातशिलाई केली. ८० रुपये. वीस मिनिटं लागली, त्यात मी चहा पाजला ती पाच धरून.

आता ती इतकी घट्ट झालीय की डावा पट्टा उजव्याकडे बघून लाजत असेल. रविवारी तोही करून घेतला. ही सॅक आता मुलीनं कॉलेजला पळवलीय, "व्हिंटेज दिसते" म्हणून. त्यामुळे मला पुन्हा सॅक नाही.

ताणाबाणा
२९ जून, दुपारी १:१०

हातशिलाईत दोन दोरे समोरासमोरून जातात. एक टाका तुटला तरी पुढचे सुटत नाहीत. मशीनची टीप एकदा सुटली की पळत सुटते.

सोमवारची_हुतात्मा
१३ जुलै, रात्री ९:३०

घेतली.

पुण्यात दोन रविवार घालवले, अकरा सॅक उलट्या केल्या. एका दुकानातल्या पोरानं शेवटी विचारलं, "काका, तुम्ही कंपनीकडून आलात का?" दोन वेळा जवळजवळ फसलो. एक दिसायला देखणी, लॅपटॉपला मऊ अस्तर, चार्जरचं भोक, वगैरे. उलटी केली तर आत कुठेच पट्टी नाही, धागे झुलताहेत, मुख्य चेन ५ नंबर. भाव ४९९९. दुसरीला बारटॅक होते पण फोम असा की दाबला तो वर आलाच नाही.

घेतली ती एका छोट्या देशी उत्पादकाची. तिचा पत्ता परदेशी कट्ट्यावरच्या गाजलेल्या नावांतून नाही लागला. तिथल्याच एका बंगळुरूच्या माणसानं चार वर्षं वापरलेल्या सॅकचे फोटो टाकले होते, तळाचे, पट्ट्याच्या सांध्याचे, चेनच्या टोकांचे. नवी असतानाचा एकही फोटो नव्हता, म्हणून विश्वास बसला. ५०० डी कॉर्डुरा, तळ दुहेरी, मुख्य चेन १० नंबर, आत सगळीकडे पट्टी. खिसे कमी, रंग एकच, काळपट हिरवा. ५६०० रुपये. वजन सव्वा किलोच्या आत. नाव हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे जाहिरात नको.

घरी बॉक्स उघडल्यावर बायको म्हणाली, "ही तर पप्पांच्या मिलिटरी पिशवीसारखीच आहे. ती माळ्यावर होती की." मी माळ्यावर गेलो नाही.

मामांनाही दाखवली. त्यांनी उलटीसुलटी केली, पट्टा दोन्ही हातांनी ओढला, चेन दोनदा मागेपुढे केली. म्हणाले, "ही माझ्याकडे यायची नाही." मग बाटलीच्या जाळीत बोट घालून, "ही जाळी तेवढी येईल."

उंटावरून_शेळ्या
१३ जुलै, रात्री ९:५२

५६००?? गोणी ४० ला होती बे.

बोस्टनची_थंडी
१३ जुलै, रात्री ११:१५

अभिनंदन. नवऱ्याला हा धागा दाखवला. तो आता आपली जीआर-१ उलटी करून बसलाय.

सोमवारची_हुतात्मा
८ ऑक्टोबर, रात्री १०:२०

कोजागरीला तुळजापूरला चालत जाऊन आलो, म्हणून धागा वर काढतोय. दरवर्षी जातो, पण यंदा सॅकची परीक्षा म्हणून मुद्दाम सगळ्यांचं सामान माझ्याकडे घेतलं. पाच जणांचं पाणी, चादर, मलमपट्टी, केळी. सोलापुरातल्या रुपाभवानीच्या देवळापासून निघालो तेव्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर साडेनऊ किलो भरली होती.

तळे हिप्परग्यापर्यंत काही कळलं नाही. तामलवाडीच्या पुढे खांदे बोलायला लागले. तिथे डोंगरदरीनं व्यनित सांगितलेलं आठवलं, छातीवरचा पट्टा लाव आणि खांद्याचे पट्टे आखडून सॅक वर घे. लावला, आणि खांद्यावरचं ओझं निम्मं झाल्यासारखं वाटलं. तोवर मी तो पट्टा शोभेचा समजत होतो. कमरेला पट्टा असता तर आणखी बरं झालं असतं, पण दर आठवड्याच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये कमरेचा पट्टा शेजारच्याच्या मांडीवर पडतो.

पंचेचाळीसेक किलोमीटरनंतर शिवण तपासली. एकही टाका हललेला नाही. पाय मात्र तपासायच्या लायकीचे नव्हते.

एक तक्रार. पाठीला हवा खेळत नाही. सोलापूरच्या उन्हात पाठीवर नकाशा उमटतो. आणि शेंगाचटणीचं तेल आतल्या अस्तराला लागलंय, ते कशानं जातं?

चौथी_ब
९ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

ज्वारीचं पीठ चोळून रात्रभर ठेवा, सकाळी झाडा. मग भांड्यांचा साबण कोमट पाण्यात, स्पंजनं. ब्रश नको, लेप निघेल.

ता. क. मुलीचं दप्तर मामांकडे नेलं होतं, तळाला रेक्झिनचा तुकडा लावून दिला. चित्र शाबूत आहे, म्हणून घरात शांतता आहे.

सोमवारची_हुतात्मा
१८ जानेवारी, रात्री ८:४५

गड्ड्याच्या जत्रेत मुलीला घेऊन गेलो होतो. पाळण्याच्या रांगेत गर्दीत कुणाची तरी छत्रीची काडी अडकली आणि बाटलीची जाळी टर्रकन वरपासून खालपर्यंत फाटली. बाकी सॅक जशीच्या तशी.

आज मामांकडे गेलो. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात पुढे केला.

"जाळी ना? तीस रुपये."